उंबऱ्यावर राहिलेला जबाब

सकाळचे साडेअकरा. आयुधपूजेचा दिवस. होसकट्टे गाव, बसस्टँडमागची गल्ली, 'कट्टेवाणी' या कानडी दैनिकाची कचेरी, पहिला मजला. वीज गेली नव्हती. ती बंद करण्यात आली.

मी त्या कचेरीतला संगणक बोलतोय. खिडकीकडून दुसऱ्या टेबलावरचा. पुढे सगळ्यांनी वीजखात्याकडे बोट दाखवून हात झटकले, म्हणून हे आधी नोंदवून ठेवतो. माझं चरित्र नंतर.

चरित्र तरी काय? मी कुठल्या मोठ्या कारखान्यात जन्मलो नाही. बेंगळुरूच्या एका बोळातल्या दुकानात याचं डोकं, त्याचं काळीज असे सुटे भाग जोडून मला उभा केला. आधी कोर्टासमोरच्या एका टंकलेखकाकडे होतो. भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं, नाव बदलल्याच्या जाहिराती. खोटं कसं पक्क्या भाषेत लिहितात ते मी तिथे शिकलो. टंकलेखकाची नजर गेली तेव्हा त्याने मला 'कट्टेवाणी'ला विकलं. बसच्या मागच्या बाकाखाली, पोत्यात गुंडाळून मी होसकट्ट्याला आलो.

मला डोळे नाहीत. कान आहेत असं समजा. आणि बोटं कळतात. कोण टंकतंय ते मला बोटांच्या चालीवरून ओळखता येतं. क्रीडावार्ताहर कळा आपटायचा. श्रद्धांजल्या लिहिणारे म्हातारे उपसंपादक एकेक अक्षर देवाला फूल वाहावं तसं ठेवायचे. विशालाक्षी मात्र थांबायचीच नाही. समोरचा माणूस बोलतो त्याच वेगाने तिची बोटं चालत. वीसेक वर्षं तिने गुन्ह्याच्या बातम्या केल्या होत्या. सगळी कचेरी तिला अक्का म्हणायची, पोलीसठाण्यातही तेच नाव. कागदावर टिपून मग टंकणं तिला दुप्पट मजुरी वाटायची. त्या वेगाचा तिला अभिमान होता, आणि मलाही.

माझी एक गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझ्या घराला उंबरा आहे आणि आतली खोली आहे. तुम्ही जे टंकता ते आधी उंबऱ्यावर येऊन उभं राहतं. पडद्यावर दिसतं म्हणून तुम्हाला वाटतं, झालं, लिहिलं. नाही. दोन कळा एकत्र दाबून तुम्ही 'आत ये' म्हणेपर्यंत ते उंबऱ्यावरच असतं, आणि वीज गेली की उंबऱ्यावर कोणी उरत नाही. एवढं साधं आहे. तरी शिकलेली माणसं तासन्‌तास लिहितात आणि ते दोन शब्द म्हणत नाहीत. मग लिहिलेलं जातं, आणि थप्पड मला बसते.

न सांगता अधूनमधून कच्ची प्रत आत नेऊन ठेवायची सोय माझ्यात होती. पण आमचं कानडी अक्षरांचं सॉफ्टवेअर जुनं. प्रत आत नेताना मी क्षणभर अडखळायचो, कळा दाबल्या तरी अक्षर उमटायचं नाही. त्याचा सगळ्यांना वैताग. मग पानं लावणाऱ्या शिवलिंगाने ती सोय काही मिनिटांवरून तासावर नेऊन ठेवली. टेबलाखाली बॅटरीचा डबा होता, वीज गेली तर मला थोडा वेळ जगवणारा. त्यातली बॅटरी मेली तसा तो कुईंकुईं करू लागला. नवी बॅटरी घालायची सोडून व्यवस्थापकांनी त्याची वायर काढून टाकली. आवाज थांबला. सगळ्यांना बरं वाटलं.

हे व्यवस्थापक म्हणजे रेवणसिद्धप्पा. जाहिरातीही तेच बघायचे. माणूस गोड, पान खाऊन बोलणारा, प्रत्येकाच्या लग्नामर्तिकाला हजर. कचेरीतले सगळे संगणक एका तारेने जोडलेले होते आणि दोन कळा दाबून आत ठेवलेला प्रत्येक मजकूर त्यांच्या खोलीतल्या पडद्यावर दिसायचा. एखाद्या जाहिरातदाराविरुद्ध बातमी आत गेली रे गेली, की ती छापून यायच्या आधी त्याच्या घरी पोचायची. मग फोन यायचा, बातमी बारीक व्हायची, कधी नाहीशी. हे विशालाक्षीला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिने स्वतःची रीत पाडली होती. नाजूक बातमी असली की ती शेवटपर्यंत आत ठेवायची नाही. उंबऱ्यावर पुरी करायची, तिथूनच कागदावर छापून घ्यायची, कागद पर्समध्ये घालून घर गाठायचं. पेनड्राइव्हची खाच 'विषाणू येतात' म्हणून चिकटपट्टीने बंद केलेली होती. जिथे लिहिलेलं सुरक्षित राहायचं तिथेच ते फुटत होतं. जपून लिहिणारीनेच जपून ठेवायचं नाही, अशी वेळ त्या कचेरीने आणली होती, तिने आणलेली नव्हती.

आता भट्टीचं सांगतो.

आयुधपूजा, तुमच्याकडची खंडेनवमी, आमच्याकडे चुरमुऱ्यांशिवाय होत नाही. रिक्षा असो, राइस मिल असो की कोर्टातली टंकयंत्रं, पूजा झाली की चुरमुरे, फुटाणे, खोबऱ्याचे तुकडे वाटायचे. त्यामुळे सणाआधी होसकट्ट्याच्या चुरमुऱ्यांच्या भट्ट्या अहोरात्र धगधगतात. जळण म्हणून जुने टायर. सणाच्या दोनच दिवस आधी एका भट्टीत टायरच्या ढिगाने पेट घेतला आणि आतल्या खोलीत तीन बायका गेल्या. पोलीस म्हणाले, दमून झोपल्या होत्या, धुराने गुदमरल्या, दार उघडंच होतं. 'कट्टेवाणी'त एक कॉलम आला. त्याच पानावर भट्टीमालकांच्या सणाच्या शुभेच्छा होत्या, तीन कॉलम.

त्या तिघींत मारक्का होती. तिचा बाप तिप्पेस्वामी त्याच भट्टीत पोती शिवायचा. आग लागली तेव्हा तो बाहेरच्या पडवीत होता. सणाच्या सकाळी तो आमच्या जिन्याने वर आला. प्रत्येक पायरीवर थांबत, कारण धूर त्याच्या छातीत उतरला होता. विशालाक्षी त्याच्यासाठीच सुट्टी सोडून आली होती. दुसऱ्या दिवशीचा अंक निघणार नव्हता, कचेरीत वर्दळ नव्हती, खाली रेवणसिद्धप्पा केळीचे खांब बांधून घेत होते. तिला वाटलं, हीच वेळ बरी.

तिने मोबाइल काढला तसा तो खुर्चीतून उठलाच. इस्पितळात पोलिसांनी असाच आवाज भरून घेतला होता, आणि संध्याकाळी भट्टीची माणसं खाटेपाशी येऊन त्याचीच वाक्यं त्याला म्हणून दाखवत होती.

"आवाज नको, अक्का. तुम्ही लिहा. लिहिलेल्यावर मी अंगठा देतो."

तिने मोबाइल पर्समध्ये टाकला आणि माझ्याकडे वळली.

तो कसा बोलला ते मला नीट सांगता येणार नाही. कोरड्या पन्हळीतून वाळू ओतावी तसा आवाज. मधेच खोकला, मग बराच वेळ काही नाही, आणि तेवढा वेळ तिची बोटं माझ्यावर टेकून थांबलेली. सणाचा माल पुरा होईपर्यंत आतल्या बायकांनी चहाला, लघवीला बाहेर पडू नये म्हणून दाराला बाहेरून कडी आणि कडीला कुलूप घालायचे. ही दर वर्षाची पद्धत होती. आग लागली तेव्हा तिप्पेस्वामीने कुलूप हाताने धरलं. ते तापलेलं होतं. किल्ली ज्याच्या कमरेला होती तो माणूस तिथेच उभा होता, हाका मारल्या की ऐकू येईल इतका जवळ. त्याने आधी पडवीतली भरलेली पोती रस्त्यावर काढायला लावली.

"पोती काढून झाल्यावर किल्ली दिली," तो म्हणाला. "मारक्का तोवर दार वाजवत होती. मग थांबली."

विशालाक्षीने त्या माणसाचं नाव विचारलं. त्याने सांगितलं. तिने ते एकदाच टंकलं.

थोड्या वेळाने मी अडखळलो. तास भरला होता, मी एक कच्ची प्रत आत नेत होतो. ती चिडून माझ्यावर पुटपुटली. मी जन्मात केलेलं ते एक बरं काम.

तिप्पेस्वामीचा धाकटा भाऊ खाली रिक्षा घेऊन आला होता, गावी न्यायला. छापलेल्या कागदावर अंगठा घ्यायचा होता, पण छपाईयंत्र खालच्या खोलीत, पूजेसाठी धुऊन पुसून ठेवलेलं. ते जोडून घेईपर्यंत म्हातारा बसू शकेना. त्याला धाप लागली. भावाने खालून हाक मारली की बस चुकेल. तिने सांगितलं, उद्या मीच गावी कागद घेऊन येते.

उठताना त्याने विचारलं, "लिहिलंत?"

"लिहिलं."

"आता ते कुठं जाणार नाही ना, अक्का?"

"नाही जाणार, अज्जा."

ती त्याला धरून जिना उतरू लागली. दोन कळा दाबल्या नाहीत. रेवणसिद्धप्पांच्या खोलीतला पडदा त्या सकाळी चालू होता, हे तिने येताना बघितलं होतं.

ती रस्त्यावर त्याला रिक्षात बसवत असताना मुहूर्त आला. ओल्या फडक्याने यंत्रं पुसताना शॉक बसू नये म्हणून आधी मुख्य खटका पाडायचा, ही पण दर वर्षाची पद्धत. रेवणसिद्धप्पांनी खटका पाडला. उंबरा ओस पडला.

मग मला पुसलं. विभूतीचे पट्टे, त्यावर कुंकू, शेवंतीची माळ. टेबलाखालच्या मेलेल्या बॅटरीच्या डब्यालाही कुंकू लागलं. कापूर जळला. कोहळा फुटल्याचा आवाज आला. जिन्यात विशालाक्षीची पावलं वाजली आणि माझ्यासमोर येऊन थांबली.

"वीज कोणी पाडली?"

"काय अक्का, सणाच्या दिवशी तरी वीज वीज करू नका," रेवणसिद्धप्पा म्हणाले. "घ्या, चुरमुरे घ्या."

तिने विचारलं, माझा संगणक चालू होता ते दिसलं नाही का. ते म्हणाले, पडदा काळा होता, मला वाटलं बंदच आहे. यात खोटं असेलच असं मी म्हणत नाही. थोडा वेळ कोणी हात लावला नाही की माझा पडदा झोपतो. पण त्याच मजल्यावर एक भाजलेला माणूस तासाहून जास्त बसला होता, खोकत होता, ते खाली ऐकू गेलं नाही, यावर मात्र माझा विश्वास नाही.

तिने खटका वर केला. मला चालू करायच्या कळेकडे हात आणला. बोट टेकलं, मला कळलं. आणि थांबलं.

"अक्का, कुंकू लागलंय त्याला," मागून रेवणसिद्धप्पा. अगदी हळू, समजावल्यासारखं. "पूजेला बसलेलं आयुध उठवत नाहीत. तुमच्या वडिलांनी कधी उठवलं का? उद्या उत्तरपूजा झाली की लावा खुशाल."

तिचे वडील सुतार होते. आयुधपूजेला करवत खाली ठेवली की दुसऱ्या दिवसापर्यंत घरात खिळासुद्धा ठोकायचे नाहीत. जिने फौजदाराच्या तोंडावर त्याचं खोटं वाचून दाखवलं होतं, ती बाई त्या बोटभर कुंकवापाशी अडली. मला राग तिचा नाही. जे लहानपणी अंगात भिनतं ते बोटातही असतं. शिवाय तिला वाटत होतं की गेलं ते गेलं, आत काही नाहीच. कच्च्या प्रतीचं तिला ठाऊक नव्हतं. शिवलिंगाने ती सोय पार बंदच केली, असा तिचा समज होता. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. मला असलेलं तोंड चालू केल्याशिवाय उघडत नाही.

ती धावत बसस्टँडवर गेली. बस सुटली होती.

दसऱ्याच्या सकाळी माळ उतरली, उत्तरपूजा झाली. त्या वेळी विशालाक्षी तिप्पेस्वामीच्या गावाच्या वाटेवर होती. कचेरीत शिवलिंगा होता, रेवणसिद्धप्पा होते, आणि कुंकू लावायला आलेले 'कट्टेवाणी'चे मालक गौडरु होते. मला चालू केलं. नीट बंद न झालेला कुठलाही संगणक उठल्याउठल्या करतो तेच मी केलं. पडद्यावर प्रश्न मांडला : काल अर्धवट राहिलेली एक प्रत माझ्याकडे आहे, ठेवू का? त्याखाली 'हो' आणि 'नको'. त्या प्रतीत कडी होती, कुलूप होतं, पोती होती आणि नाव होतं. हा प्रश्न मी एकदाच विचारतो. 'नको' म्हटलं की मी पुन्हा विचारत नाही. माझी घडणच तशी.

माउसची एक टिचकी वाजली. 'नको'.

तुम्ही विचाराल, कोणाचं बोट? कळांवर चाल असते, दोन शब्द टंकले तरी मी माणूस ओळखतो. एका टिचकीला चाल नसते. तिघंही जवळ होते, तिघांचा आवाज येत होता. ते चुरमुऱ्यांबद्दल बोलत होते. यंदा माल चांगला आला, असं.

विशालाक्षी परत आली ती वेगळीच पावलं घेऊन. गावात काय झालं ते तिने दारातच सांगितलं, कोणी विचारायच्या आधी. तिप्पेस्वामीचा घसा आतून सुजून बंद झाला होता. त्याला बोलता येत नव्हतं. तिने विचारायचं आणि त्याने मान हलवायची, असं करून पाहिलं, पण तो तिच्याकडे बघतच नव्हता. भावाने तिला दाराबाहेर काढलं.

"आवाज होता तेव्हा दिला तुम्हाला," तो म्हणाला होता. "आता काय घ्यायला आलात?"

तिने मला चालू करून सगळं धुंडाळलं. शिवलिंगाला बोलावून विचारलं तेव्हा तो सहज म्हणाला, की कच्ची प्रत बंद नव्हती केली, अक्का, तासावर ठेवली होती, सकाळी विचारलं असेल ना त्याने.

तिने आठवणीतून बातमी लिहिली. माझ्यावरच लिहिली, आणि या वेळी प्रत्येक ओळीला दोन कळा दाबत. आता कोणी वाचलं तरी तिला पर्वा नव्हती. गौडरुंनी बातमी वाचून विचारलं, जबाब कुठे आहे, अंगठा कुठे आहे. ज्या माणसाचं नाव घेतेस तो उद्या कोर्टात उभा राहिला तर मी काय दाखवू, तुझी आठवण? पोलिसांनीही हेच विचारलं. चौकशी अधिकाऱ्यानेही. सगळ्यांना एकाएकी कागदाची किती काळजी.

दिवाळी यायच्या आत तिप्पेस्वामी गेला. विशालाक्षीला महिला पुरवणीत टाकलं. रव्याच्या लाडवांच्या पानाखाली तिचं नाव यायचं. वर्षभराने तिने नोकरी सोडली. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून थोडी उभी राहिली.

मी आता जिन्याखाली आहे, फुटक्या खुर्च्या आणि गेल्या निवडणुकीचे फलक यांच्यात. अंगावर वाळलेलं कुंकू अजून आहे. भंगारवाला येऊन बघून गेला, तांब्यासाठी नेईल म्हणाला. लोक समजतात माझ्या पोटात सगळं जपलेलं असतं. तिप्पेस्वामीने सांगितलेलं मला जे आठवतं ते ओल्या भिंतीवर राहिलेल्या डागासारखं आहे. कडी आठवते. पोती आठवतात. नाव होतं एवढं आठवतं. नाव आठवत नाही.

तुम्ही लिहिणारे आहात, म्हणून तोडले जाण्याआधी बोलून घेतो. लिहिलेलं दिसतंय म्हणजे आहे, असं समजू नका. परिच्छेद संपला की दोन कळा दाबा, चहाला उठताना दाबा, कोणी हाक मारली तर आधी दाबा, मग ओ द्या. मी अडखळतो म्हणून माझी कच्ची प्रत लांबवू नका, तेवढा क्षण मला द्या. मेलेली बॅटरी बदला, तिचा आवाज बंद करू नका. आणि जिथे लिहिलेलं आत ठेवलं की भलत्याच माणसाला दिसतं, तिथे आधी त्यावर भांडा. स्वतःचा कुलूपबंद कोपरा मागा, नाही दिला तर लिहिलेलं त्याच मिनिटाला स्वतःच्या पत्त्यावर पाठवा, तेही नाही जमलं तर निदान नाव तरी हाताने कागदावर उतरवा. एखाद्या माणसाकडे एकदाच सांगण्याइतका आवाज उरलेला असतो. तो तुमच्या टेबलासमोर खर्च करायला जिना चढून येतो.

विशालाक्षी नोकरी सोडल्यावरही मधूनमधून भट्टीकडे जाते, असं शिवलिंगा एकदा जिन्यात कोणाला तरी सांगत होता. भट्टी पुन्हा सुरू आहे. आतल्या खोलीचं दार नवं बसवलंय. जुनं दार पंचनाम्यात आहे, जळालेलं, फोटोसकट. त्यावर कडी नाही. कडी जिथे असते तिथे लाकडात खिळ्यांची भोकं आहेत, आणि भोकांच्या आतलं लाकूड जळालेलं नाही, पांढरं आहे. आग विझल्यावर ती कडी कोणी उपटून नेली, हे अजून कोणी सांगितलेलं नाही.